लढाई दिसते, पण कळत नाही? आरटीएसची स्क्रीन वाचायला शिका

रिअल टाइम स्ट्रॅटेजी, म्हणजे आरटीएस (पाळी न घेता एकाच वेळी तळ उभारून फौजा लढवण्याचे संगणक-खेळ), नव्यानं खेळू लागलेल्यांची पहिली तक्रार बहुतेक वेळा वेगाबद्दल असते. सगळं फार झपाट्यानं होतं, हात पुरत नाहीत. हात पुरत नाहीत हे खरंच, पण त्याच्या आधी डोळे पुरत नसतात. लढाई जुंपते, स्क्रीनवर रंगांचा आणि स्फोटांचा कल्लोळ उठतो, काही सेकंदांत आपली फौज संपते आणि नक्की कशानं मारलं हेच लक्षात आलेलं नसतं. ते लक्षात आलं नाही तर पुढच्या डावात काय बदलायचं हेही ठरवता येत नाही. म्हणून हात वेगानं चालवण्याआधी स्क्रीन वाचायला शिकावं, असं माझं ठाम मत आहे.

चांगल्या आरटीएसमध्ये खेळाडूला काय आधी दिसावं आणि काय नंतर, हे चित्रकारांनी विचार करून ठरवलेलं असतं. तो क्रम ओळखता येऊ लागला की अर्धी लढाई समजायला लागते. जिथे त्यांनी तो नीट ठरवलेला नाही, तिथे सेटिंग्ज बदलून आपणच ठरवायचा. पुढच्या सगळ्या पायऱ्या या दोन कामांसाठीच आहेत. उदाहरणं मुख्यतः स्टारक्राफ्ट, वॉरक्राफ्ट ३ आणि एज ऑफ एम्पायर्सची घेतली आहेत, पण रीत कुठल्याही आरटीएसला लागू पडते.

पायरी १ : डोळ्याला किती दिसतं ते आधी समजून घ्या

हात समोर सरळ लांब करा आणि अंगठ्याच्या नखाकडे बघा. डोळ्याला अगदी स्पष्ट, बारकाव्यांसकट दिसणारा भाग साधारण तेवढाच, म्हणजे सुमारे २ अंशांचा असतो. त्याच्या बाहेरचं चित्र जसजसं कडेला जातं तसतसं धूसर होत जातं. तिथे हालचाल चटकन जाणवते, मोठे आकार आणि ठळक रंगही कळतात, पण बारीक नक्षी कळत नाही.

आता स्टारक्राफ्ट २ ची एखादी उशिरापर्यंत रंगलेली लढाई डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक खेळाडूची मर्यादा २०० सप्लायची (फौज किती मोठी असू शकते याचं माप), आणि झर्गलिंगसारखं लहान युनिट, म्हणजे फौजेतला एक लढवय्या, तर अर्ध्या सप्लायचं. स्क्रीनवर शंभराहून जास्त आकृत्या एकाच वेळी धावत असतात. त्यातल्या बहुतेक सगळ्या तुम्हाला कडेच्या धूसर नजरेनंच दिसणार असतात. तेव्हा चिलखतावरचे खिळे, चेहऱ्यावरचे भाव, कापडाचा पोत यांचा लढाई ओळखायला जवळपास काही उपयोग नाही. उपयोग होतो तो एकूण आकाराचा, उजेड-अंधाराच्या फरकाचा, मोठ्या रंगपट्ट्यांचा आणि चालण्याच्या ढबीचा. नजरही या चार गोष्टींवरच तयार करायची आहे.

पायरी २ : स्क्रीनवरचे थर वेगळे करा

कुठल्याही सामन्याचा एक स्क्रीनशॉट घ्या. लढाई चालू असतानाचा घ्या, शांत बेसचा नको. त्यात चार थर शोधा. सगळ्यात खाली जमीन आणि तिच्यावरची झाडं, दगड, पाणी. त्याच्यावर युनिटं आणि इमारती. त्याच्यावर गोळ्या, आग, जादू, स्फोट. आणि सगळ्यात वर हेल्थ बार, निवडीची वर्तुळं, मिनीमॅप (कोपऱ्यातला छोटा नकाशा), बटणं.

आता स्वतःला विचारा, डोळा आधी कुठे गेला? स्पर्धेसाठी नीट घडवलेल्या गेममध्ये जमीन शांत असते. तिच्यावरचे रंग एकमेकांच्या जवळचे आणि थोडे मळके असतात, म्हणजे वरची युनिटं उठून दिसतात. तुमच्या स्क्रीनशॉटमध्ये आधी फुलांचे ताटवे, चकाकणारं पाणी किंवा खडकांवरचे कवडसे दिसले, तर तो मॅप तुमच्याशी भांडतोय असं समजा. अशा मॅपवर दमायला जास्त होतं आणि चुकाही जास्त होतात. मॅप निवडण्याची किंवा नाकारण्याची सोय असेल तर हेही एक कारण धरायला काहीच हरकत नाही.

एज ऑफ एम्पायर्स २ मध्ये हा प्रश्न झाडांमुळे येतो. झाडं उंच आणि गर्द, त्यांच्या मागे गावकरी दडतो, लाकूडतोड्यांच्या शेजारी शत्रूचा धनुर्धर येऊन उभा राहतो आणि दिसत नाही. इमारतीमागे गेलेल्या युनिटची रंगीत बाह्यरेषा दाखवण्याची सोय या गेममध्ये १९९९ पासून आहे, आणि ती फार मोलाची आहे. झाडांसाठी मात्र खेळाडूंनीच उपाय काढला. झाडं लहान करून दाखवणारे मॉड (खेळाडूंनी बनवलेले बदल) आज भरपूर वापरले जातात. जंगलाचं सौंदर्य त्यात कमी होतं, पण कुठे वाट आहे आणि कुठे भिंत घालायची राहिली आहे हे एका नजरेत कळतं. नव्या खेळाडूनं हा बदल पहिल्या आठवड्यातच करून घ्यावा.

पायरी ३ : बाह्याकृती पाठ करा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण ओळखीचा सगळ्यात मोठा भार बाह्याकृतीवर असतो. बाह्याकृती म्हणजे युनिटच्या आत पूर्ण काळा रंग भरला तरी जो आकार शिल्लक राहतो तो.

वॉरक्राफ्ट ३ (२००२) मधला ग्रंट, म्हणजे ऑर्क सैनिक, बघा. खांदे शरीराच्या मानानं अवाढव्य, कुऱ्हाड धडाएवढी, डोकं पुढे झुकलेलं. फुटमॅन, म्हणजे माणसांचा पायदळ सैनिक, ताठ आणि हातात ढाल. ही प्रमाणं खऱ्या माणसाची नाहीत आणि तशी असण्याची गरजही नाही. कॅमेरा वरून तिरका बघतो. त्या कोनातून पाय जवळपास दिसत नाहीत, डोकं, खांदे आणि हत्यार एवढंच दिसतं. म्हणून जे दिसतं ते मोठं केलं. शिवाय प्रत्येक हिरोभोवती टीम कलरची (त्या खेळाडूच्या रंगाची) मंद झळाळी आहे, त्यामुळे गर्दीतसुद्धा हिरो कुठे आहे हे शोधावं लागत नाही. ज्या गेमचा निकाल हिरो जगण्या-मरण्यावर फिरतो, तिथे ही झळाळी म्हणजे नियमांचाच भाग आहे.

स्टारक्राफ्ट २ मध्ये आणखी एक बारकावा आहे, तो शिकून घ्याच. तिथे काही अपग्रेड अंगावर दिसतात. मरीनला, म्हणजे साध्या बंदूकधारी सैनिकाला, कॉम्बॅट शील्ड मिळालं की त्याच्या हातावर ढाल येते. झर्गलिंगला मेटाबोलिक बूस्ट मिळालं की पाठीवर पंख फुटतात. सेंट्रिफ्यूगल हुक्स झालेले बेनलिंग (स्वतः फुटून मारणारी युनिटं) चालायचं सोडून गडगडत येतात. म्हणजे शत्रूच्या बेसवर एक युनिट पाठवून क्षणभर डोकावलात तरी त्यानं कशावर खर्च केला आहे याचा अंदाज येतो, पण पंख आहेत की नाहीत हे बघायची सवय असेल तरच. एज ऑफ एम्पायर्स २ मध्ये हेच इमारतींतून कळतं. युग बदललं की घरांची धाटणी बदलते, त्यामुळे शत्रूचं एक साधं घर दिसलं तरी तो कुठल्या युगात पोचला याचा अंदाज येतो.

सराव असा करा. आपल्या आवडत्या गटाची आणि जो गट तुम्हाला सगळ्यात जास्त हरवतो त्याची युनिटं एकेक करून बघा. जवळून झूम करून बघू नका, खेळताना असतो त्याच अंतरावरून बघा. प्रत्येक युनिटसाठी एकच खूण ठरवा : "बुटकं आणि रुंद", "उंच, एकच डोळा", "मागे दोन नळ्या". मग स्क्रीनशॉट करडा करा. विंडोज १० आणि ११ मध्ये रंग-फिल्टरची सोय आहे. सेटिंग्जमध्ये तिचा शॉर्टकट चालू केला की विंडोज, कंट्रोल आणि सी या तीन कळा एकत्र दाबून स्क्रीन करडी होते. आता कोणतं युनिट कोणतं, सांगा. रंग गेल्यावर जी दोन युनिटं एकमेकांत मिसळली, तीच तुम्हाला प्रत्यक्ष लढाईत फसवत असतात. त्या जोडीवर जरा जास्त वेळ घालवा. दोघांच्या चालीत फरक आहे का, उंचीत आहे का, गोळी मारण्याच्या ढबीत आहे का?

बऱ्याचदा असतो. ब्रूड वॉर या पहिल्या स्टारक्राफ्टच्या विस्तारातला सीज टँक चालताना एक आकार, रोवून बसल्यावर पूर्ण दुसरा आकार. पाय पसरलेले, लांब नळी. हा बदल इतका ठळक ठेवला आहे कारण रोवलेला टँक कुठवर मारतो यावर समोरच्याचा सगळा हल्ला अवलंबून असतो. चित्रातला फरक जेवढा मोठा, तेवढा नियमातला फरक मोठा, अशी संगती ज्या गेममध्ये पाळली जाते तो गेम शिकायला सोपा जातो.

पायरी ४ : रंगाचं काम रंगालाच करू द्या

आकार सांगतो "हे काय आहे". रंग सांगतो "हे कोणाचं आहे". या दोन कामांची गल्लत झाली की गोंधळ सुरू होतो. १९९२ च्या ड्यून २ या आरटीएसमध्ये अ‍ॅट्रायडीस घराणं निळं, हार्कोनेन लाल आणि ऑर्डोस हिरवं, इतकी साधी वाटणी होती. ती पद्धत आजही टिकून आहे कारण तिच्यापेक्षा सोपं काही अजून सापडलेलं नाही.

तुमच्यासाठी कामाची गोष्ट ही : रंग निवडायची मुभा असेल तर मॅपच्या विरुद्ध रंग निवडा. हिरवळीवर हिरवा नको, वाळवंटात पिवळा-केशरी नको, बर्फावर करडा नको. त्याहून चांगला उपाय म्हणजे मित्र-शत्रू रंग चालू करणे. वॉरक्राफ्ट ३, स्टारक्राफ्ट २ आणि एज ऑफ एम्पायर्स २ डेफिनिटिव्ह एडिशन या तिन्हींत ती सोय आहे. मग समोर कोणीही असो, आपले लोक नेहमी एका रंगात, साथीदार दुसऱ्या रंगात आणि शत्रू तिसऱ्या रंगात दिसतात. दर डावात "आज मी कोणता रंग?" हा विचार डोक्यातून निघून जातो. चार-चार खेळाडूंच्या सामन्यात मात्र एक तोटा आहे. सगळे शत्रू एकाच रंगात दिसत असल्यानं कुठल्या शत्रूची फौज आली हे कळत नाही, म्हणून तिथे टॉगल करण्याची कळ बोटाखाली ठेवावी.

लाल आणि हिरवा यांतला फरक ज्यांना नीट दिसत नाही असे लोक आपल्याला वाटतं त्यापेक्षा बरेच आहेत. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत हे प्रमाण सुमारे ८ टक्के सांगितलं जातं, बायकांत ते खूप कमी असतं. तुम्हाला मिनीमॅपवरचे ठिपके कायम एकसारखे वाटत असतील तर आधी ही शक्यता तपासा. निळा विरुद्ध पिवळा किंवा केशरी ही जोडी बहुतेकांना वेगळी दिसते. वर सांगितलेली करड्या रंगाची चाचणी इथेही कामाला येते. पिवळा उजळ दिसतो, गडद निळा काळपट दिसतो, त्यामुळे रंग ओळखता आला नाही तरी उजेडाचा फरक उरतो.

पायरी ५ : हालचाल आणि आवाज

कडेच्या नजरेला हालचाल सगळ्यात आधी कळते हे वर आलंच आहे. म्हणून युनिटं चालतात कशी हे वेगळं लक्षात ठेवा. कोण सरपटतं, कोण उड्या मारतं, कोण तरंगतं. अदृश्य युनिटांसाठी तर हाच एक धागा असतो. स्टारक्राफ्ट २ मध्ये लपलेलं युनिट जिथून जातं तिथे मागचं चित्र पाण्यातून दिसावं तसं हलतं. उभं असेल तर जवळजवळ दिसत नाही, चालू लागलं की दिसतं. खनिजांच्या रांगेजवळ, म्हणजे जिथे शत्रूला यायचंच असतं तिथे, अशी थरथर शोधायची सवय लावा.

आवाज चालू ठेवा. संगीत बंद केलंत तरी चालेल, पण इशारे आणि युनिटांचे आवाज बंद करू नका. एज ऑफ एम्पायर्स २ मध्ये भिक्षू धर्मांतर करू लागला की त्याचा आवाज चित्राच्या आधी सावध करतो.

पायरी ६ : स्फोटांतून धोका वेगळा काढा

नव्या खेळाडूची नजर सगळ्यात मोठ्या चमकेकडे जाते. अनुभवी खेळाडूची नजर त्या चमकेच्या अर्धा सेकंद आधी जी खूण उमटते तिकडे जाते. स्पर्धात्मक आरटीएसमध्ये मोठ्या माराला बहुधा आगाऊ खूण दिलेली असते. स्टारक्राफ्ट २ मधला रॅव्हेजर आम्लाचा गोळा फेकतो तेव्हा तो जिथे पडणार तिथे जमिनीवर खूण दिसते. विडो माइन ज्याला लक्ष्य करते त्या युनिटवर लाल रेघ धरलेली दिसते. अणुबॉम्बच्या आधी लाल ठिपका आणि सगळ्यांना ऐकू जाणारी घोषणा.

या खुणांची यादी स्वतःच्या हातानं करा. गट तीन असतील तर प्रत्येक गटाचे तीन-चार मारच खरे जीवघेणे असतात. बाकीच्या ठिणग्या, धूर आणि उजेड हा फक्त "लढाई चालू आहे" एवढं सांगणारा भाग, तो नजरेनं गाळायला शिकायचा.

एक लढाई जवळून पाहू. समोरून झर्ग या गटाचा कळप येतोय, तुमच्याकडे मरीन आणि दोन टँक. कळपात बहुतेक झर्गलिंग आहेत, तपकिरी, जमिनीलगत, भराभर पाय मारणारे. त्यांच्यात मिसळलेले बेनलिंग आहेत, हिरवट, फुगीर, गोल. मरीनच्या घोळक्यात ते फुटले तर अख्खा घोळका विरघळतो. झर्गलिंगकडून मरीनला तेवढी भीती नाही. म्हणजे या संपूर्ण दृश्यात तुम्हाला बघायची आहे एकच गोष्ट : हिरवे गोळे कुठून येताहेत. चित्रकारानं तुमच्यासाठी तपकिरीत हिरवा ठेवला आहे, धावणाऱ्यांत गडगडणारे ठेवले आहेत. तुम्ही फक्त तेवढं शोधा, मरीनचे दोन-तीन तुकडे करून त्या रेषेपासून बाजूला काढा, आणि टँकना हिरव्यांवर लावा. ही नजर बसली की त्याच लढाईचा वेग कमी झाल्यासारखा वाटतो.

पायरी ७ : ग्राफिक्सची सेटिंग्ज

मुरलेले स्पर्धक कमी ग्राफिक्सवर खेळतात हे तुम्ही ऐकलं असेल. ते खरं आहे, आणि फ्रेम रेट हे त्याचं एकच कारण नाही. कमी सेटिंगवर जमीन सपाट दिसते, धूर पातळ होतो, चमक जाते, म्हणजे वरचे थर आपोआप उठून दिसतात. पण सगळंच सरसकट सगळ्यात खालच्या पातळीवर नेणं मला योग्य वाटत नाही. काही गोष्टी खाली नेल्यानं माहिती हरवते.

माझा क्रम असा. रिझोल्यूशन मॉनिटरचं मूळ असेल तेच ठेवा, त्याला हात लावू नका, कारण धूसर कडा म्हणजे धूसर बाह्याकृती. मोशन ब्लर, ब्लूम, डेप्थ ऑफ फील्ड, फिल्मी दाणेदारपणा हे सगळं बंद. हे परिणाम सिनेमासाठी ठीक, पण प्रत्येक जण युनिटची कड पुसतो. इफेक्ट्स आणि जमिनीचा तपशील मध्यम किंवा कमी. मॉडेल आणि टेक्स्चर मशीनला झेपतील तेवढे वर, कारण मरीनच्या हातावरची ढाल तिथेच दिसते. सावल्या कमी, पण पूर्ण बंद करण्याआधी एकदा हवाई युनिटं उडवून बघा. उडणाऱ्या गोष्टीची जमिनीवरची सावली ती नेमकी कुठे आहे हे सांगते. प्रत्येक गेममध्ये वागणं थोडं वेगळं असतं, म्हणून एका वेळी एकच सेटिंग बदला, तोच रिप्ले (खेळलेल्या सामन्याचं रेकॉर्डिंग) पुन्हा बघा आणि मग पुढची.

हेल्थ बारसाठी "जखमी झाल्यावर दाखवा" हा पर्याय असेल तर तो घ्या. सगळ्यांवर कायम पट्ट्या ठेवल्या तर युनिटंच झाकली जातात, आणि एकही न ठेवता खेळलं तर कोणाला मागे घ्यायचं ते कळत नाही. वॉरक्राफ्ट ३ मध्ये ऑल्ट दाबून धरली की पट्ट्या दिसतात. तिथे एकेक युनिट वाचवणं हाच खेळ असल्यामुळे ती कळ सतत वापरली जाते.

मिनीमॅपवरून जमिनीचा तपशील काढता येत असेल तर काढा. काळ्या किंवा एकरंगी पार्श्वभूमीवर ठिपके हवेत, बस.

पायरी ८ : रिप्लेवर नजरेचा सराव

रोज थोडा वेळ. एखाद्या हरलेल्या सामन्याचा रिप्ले लावा, स्वतःच्या बाजूनंच बघा, मोठी लढाई जुंपल्यावर दोन सेकंदांनी पॉज करा आणि लगेच डोळे बाजूला घ्या. समोरच्या फौजेत काय काय होतं? अंदाजे किती? सगळ्यात धोक्याचं युनिट डावीकडे होतं की उजवीकडे? कागदावर लिहा. मग स्टारक्राफ्ट २ च्या रिप्लेतला युनिटांचा तक्ता उघडून पडताळा. एज ऑफ एम्पायर्स २ साठी कॅप्चरएज हे प्रेक्षकांचं साधन आहे, त्यात हे आकडे सहज दिसतात.

सुरुवातीला आकडे फार चुकतील, त्याचं काही नाही. प्रकार चुकत असतील तर पायरी ३ कडे परत जा. प्रकार बरोबर पण जागा चुकत असेल तर तुमची नजर एकाच ठिकाणी खिळते आहे, तिला लढाईच्या कडेकडेनं फिरवायची सवय लावा.

पायरी ९ : चित्रशैली पारखायला शिका

नवा आरटीएस जाहीर झाला की वाद ठरलेला असतो. एक बाजू म्हणते कार्टूनसारखं दिसतं, दुसरी म्हणते स्पष्ट तरी दिसतं. हा वाद चुकीच्या रेषेवर चालतो असं मला वाटतं. वास्तववादी की कार्टून यावरून स्पष्टता ठरत नाही. तपशील कुठे ठेवला आणि कुठे काढून टाकला यावरून ठरते.

ब्रूड वॉर (१९९८) रंगांनी काळवंडलेला, गंभीर गेम आहे. त्यात कार्टूनचा मागमूस नाही. तरीही तो फार स्पष्ट वाचता येतो. ६४० बाय ४८० च्या जागेत आणि २५६ रंगांत काम करायचं असल्यानं प्रत्येक युनिटला मोजक्या पिक्सेलांत स्वतःची ओळख द्यावी लागली. २०१७ मध्ये त्याचं रीमास्टर आलं तेव्हा आकार, प्रमाणं आणि अ‍ॅनिमेशनची लय तीच ठेवून चित्र फक्त धारदार केलं. एफ ५ दाबलं की खेळता खेळता जुनं आणि नवं चित्र आलटून पालटून बघता येतं. नव्या खेळाडूला दृश्य स्पष्टता समजावून सांगायला याच्याइतकं चांगलं साधन मला दुसरं माहीत नाही. दहा वेळा कळ दाबा आणि काय बदललं, काय तसंच राहिलं ते बघा.

उलट बाजूला वॉरक्राफ्ट ३ रीफोर्ज्ड, जानेवारी २०२० चा. मॉडेल नव्यानं घडवली, चिलखतांवर बारीक काम आलं, जवळून बघितलं तर कारागिरी दिसते. पण खेळण्याच्या अंतरावरून त्या बारीक कामाचा कल्लोळ होतो, आणि पूर्वी ज्या मोठ्या, सपाट रंगपट्ट्यांवर टीम कलर ठसठशीत बसायचा त्या तुटक झाल्या. क्लासिक ग्राफिक्सचा पर्याय गेममध्येच आहे आणि बरेच स्पर्धक तोच वापरतात.

एज ऑफ एम्पायर्स ४ (२०२१) मधली हत्यारं आणि बाण मुद्दाम मोठे ठेवले आहेत. ते पहिल्यांदा दाखवलं गेलं तेव्हा अनेकांना ते खटकलं. खेळायला बसल्यावर भालाईत आणि तलवारबाज दुरूनच वेगळे कळतात, आणि मला तो सौदा पटतो. स्टॉर्मगेट २०२४ मध्ये अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये (पूर्ण होण्याआधीच खेळायला) आला तेव्हा त्याच्याही चित्रशैलीवर कडाडून टीका झाली. त्या चर्चेतून नव्यानं येणाऱ्यांनी एक गोष्ट घेण्यासारखी आहे : "वाचता येतं" आणि "बघावंसं वाटतं" या दोन वेगळ्या अपेक्षा आहेत, आणि खेळाडू दोन्ही मागतो. युनिट ओळखता आलं तरी ते आपलंसं वाटलं नाही तर माणूस शिकायला लागणारे शेकडो तास द्यायला तयार होत नाही.

तिसरा मार्गही आहे. सुप्रीम कमांडर (२००७) मध्ये कॅमेरा मागे ओढत गेलात की युनिटांच्या जागी चिन्हं येतात. चिन्हाचा आकार काम सांगतो, त्यावरच्या रेघा तंत्रज्ञानाची पातळी सांगतात. नकाशा वाचल्यासारखं खेळता येतं. फुकट मिळणारा बियाँड ऑल रीझन आज त्याच वळणावर चालतो. अशा गेममध्ये पायरी ३ मधला सराव मॉडेलांऐवजी चिन्हांवर करा, बाकी सगळं तसंच.

स्किनबद्दल थोडक्यात. विकत घेतलेली सजावट बाह्याकृती बदलत असेल तर ती समोरच्याला फसवते. सामन्यात सगळ्यांची मूळ मॉडेलं दाखवण्याचा पर्याय गेममध्ये असेल तर तो चालू करून टाका.

नवा गेम पारखताना ट्रेलर बाजूला ठेवा, कारण ट्रेलरमधला कॅमेरा जमिनीलगत फिरतो. पूर्ण सामन्याचं रेकॉर्डिंग शोधा, आवाज बंद करा, लढाईच्या मध्यावर थांबवा. कोण जिंकतंय हे नियम माहीत नसतानाही अंदाजानं सांगता येतंय का? दोन बाजू वेगळ्या कळताहेत का? मोठं युनिट मोठं आणि घातक युनिट घातक वाटतंय का? तीनही उत्तरं "हो" असतील तर त्या गेमच्या चित्रकारांना त्यांचं काम कळलेलं आहे, शैली तुमच्या आवडीची असो वा नसो.

बरेच आरटीएस हल्ली घडत असतानाच खेळायला मिळतात आणि बनवणारे अभिप्राय मागतात. तेव्हा "ग्राफिक्स वाईट आहेत" असं लिहून कोणाच्याच हाती काही लागत नाही. कुठल्या मॅपवर, कुठल्या दोन युनिटांत, कुठल्या रंगात गोंधळ झाला ते लिहा. चूक ओळखण्यात झाली की जागा समजण्यात, की धोक्याची खूण उशिरा दिसली, ते वेगळं सांगा. तुमची सेटिंग्ज काय होती तेही कळवा. आणि स्क्रीनशॉट जोडाल तो झूम न करता, खेळताना कॅमेरा असतो त्याच अंतरावरचा जोडा, करड्या रंगातली एक प्रत सोबत द्या.